जिंकता येण्यासारखा डाव

मी शाळेत मराठी शिकवतो. संकेतार्थी वाक्याचे उदाहरण म्हणून 'पाऊस पडला असता, तर पीक आले असते' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे, की आता त्यात मला पाऊसही दिसत नाही आणि पीकही दिसत नाही. परंतु गेल्या श्रावणात त्याच जातीचे एक वाक्य मी ऐकले, आणि ते अजून माझा पिच्छा सोडत नाही. ते वाक्य असे: 'हा डाव जिंकता आला असता.'

वाक्य साधे आहे. पण व्याकरणाच्या मास्तराला सवयीने एक प्रश्न पडतो: कोणाला? आपल्या भाषेत 'येणे' हे क्रियापद अशा जागी आले की कोणाला तरी चतुर्थीत उभे करते. मला पोहता येते, तिला गाता येते. नुसते 'पोहता येते' असे कोणी म्हणाले, तर आपण लगेच विचारू, अहो, कोणाला? आणि या वाक्यात नेमके तेच पद गाळलेले आहे. ते गाळलेले पद शोधता शोधता मी अशा ठिकाणी जाऊन पोहोचलो, की जिथे जाण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

आमचे दिवा हे काही चिंतनाचे गाव नव्हे. कल्याण-ठाण्याची मुख्य वाट, पनवेलकडे जाणारा फाटा आणि वसईकडे जाणारा फाटा यांच्या बेचक्यात ते वसलेले आहे. दिवसरात्र गाड्यांची धडधड चालू असते, आणि घरातले बोलणे गाडी जाईपर्यंत अर्धवट थांबवून पुन्हा तिथूनच उचलण्याची कला इथल्या लहान मुलांनाही साधलेली आहे. पूर्वेकडे एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर माझे एक वडीलधारे स्नेही राहतात. रेल्वेतून निवृत्त झाले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. मी त्यांना काका म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात, आणि रविवारी दुपारी आम्ही बुद्धिबळ खेळतो. सरासरी दहा डावांत मी एक जिंकतो, आणि तोही त्यांना डुलकी लागली तर.

२८ जुलै २०२५ हा पहिला श्रावणी सोमवार होता. काकांचा उपास होता, आणि त्या संध्याकाळी जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना निकाली निघायचा होता. एका बाजूला आंध्रच्या कोनेरू हंपी, दुसऱ्या बाजूला आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख. आधीचे दोन मोठे डाव बरोबरीत सुटले होते. त्या दिवशी जलद डाव होते. काकांच्या नातवाने, तो नववीत आहे, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही तिघे साबुदाण्याची खिचडी खात बघत बसलो.

पडद्यावर पटाच्या कडेला एक उभी पट्टी असते. निम्मी पांढरी, निम्मी काळी. यंत्र प्रत्येक खेळीनंतर मोजून सांगते, पारडे कोणाकडे झुकले आहे. त्याप्रमाणे ती पट्टी वरखाली होते. दुसरा जलद डाव अखेरीला आला तेव्हा दोघींच्याही घड्याळांत वेळ थोडा उरला होता, आणि ती पट्टी हेलकावे खात होती. काळे मोहरे घेऊन खेळणाऱ्या दिव्याच्या बाजूला ती झुके आणि पुन्हा मध्यावर येई. तसे झाले की आमचा नातू मांडीवर थाप मारून ओरडे, "चुकली! जिंकलेला डाव घालवला!" दोनदा हे झाल्यावर काका शांतपणे म्हणाले, "अरे, तुला पट्टी दिसते. तिला फक्त पट दिसतो."

दिव्याने तो डाव जिंकला. सामना अडीच विरुद्ध दीड गुणांनी जिंकून ती विश्वचषकाची मानकरी ठरली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. डोळे पुसून झाल्यावर मुलाखतीत तिने काय सांगावे? की मध्ये कुठेतरी आपण अखेर बिघडवली होती आणि अखेरचा खेळ आपल्याला अजून शिकायचा आहे. जग जिंकलेल्या मुलीचे ते बोलणे मला फार आवडले. काकांनाही आवडले, पण ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, हे मी पाहिले. कारण पुढच्या रविवारी कळले.

काकांच्या आयुष्यात एक डाव आहे. डिसेंबर १९७९ मध्ये दादरला एका सभागृहात नोकरदार माणसांची स्पर्धा भरली होती, तिच्या शेवटच्या फेरीतला. तो जिंकला असता तर काकांची संघात निवड झाली असती आणि ते परप्रांतात खेळायला गेले असते. बरोबरी झाली, दुसऱ्या कोणाची तरी निवड झाली. काका पुन्हा कधी स्पर्धेत उतरले नाहीत. डावाच्या सगळ्या खेळ्या त्यांनी एका वहीत उतरवून ठेवल्या आहेत. मी त्यांना ओळखू लागल्यापासून ही हकीकत किमान वीस वेळा ऐकली असेल, आणि प्रत्येक वेळी तिचा शेवट एकाच वाक्याने होई: "तो डाव कोणाच्या बापाला जिंकता आला नसता, मास्तर."

शेवटी पटावर राहिले होते पाचच मोहरे. काकांचा राजा आणि दोन उंट, एक पांढऱ्या घरांतून फिरणारा, एक काळ्या. आणि समोरच्याचा राजा व एक घोडा. प्याद्यांपैकी एकही नाही. दोन उंट असतील तर एकट्या राजाला मात देता येते, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असते. एकोणीस खेळ्यांहून जास्त लागत नाहीत. म्हणजे प्रश्न एवढाच की घोडा मारायचा कसा. बचाव करणाऱ्याला जुनी युक्ती माहीत होती. कोपऱ्यापासून तिरप्या रेषेत एक घर आत घोडा ठेवायचा आणि राजाने त्याला बिलगून राहायचे. १८५१ साली क्लिंग आणि हॉर्विट्झ या जोडीने आपल्या पुस्तकात ही मांडणी दाखवली होती, आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या पुस्तके सांगत आली की हा कोट फुटत नाही, डाव बरोबरीचा. काकांनी अकरा खेळ्या करून पाहिल्या आणि बरोबरीसाठी हात पुढे केला. समोरच्याने तो आनंदाने धरला.

नातवाने त्या रविवारी आजोबांची वही उघडली, पाचही मोहरे मोबाइलवर जसेच्या तसे मांडले, आणि निरागसपणे म्हणाला, "आजोबा, हा तर जिंकलेला आहे."

आता इथे यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण यंत्र म्हटले की आपण एक तर देव्हाऱ्यात बसवतो नाही तर हसण्यावारी नेतो. ज्याला खेळाडू 'इंजिन' म्हणतात, ते हुशार विद्यार्थ्यासारखे असते: पुढच्या खेळ्या भराभर तपासते आणि अंदाज बांधते. अंदाज बहुधा बरोबर असतो, तरी तो अंदाज. पण पटावर मोहरे थोडे उरले, की अंदाजाची गरजच उरत नाही. तिथे कोष्टके आहेत. ती उलट्या पावलांनी बनवलेली आहेत. ज्या ज्या स्थितीत मात झालेली आहे त्या सगळ्या आधी लिहून काढायच्या. मग त्यांच्या एक खेळी अलीकडच्या, मग दोन खेळ्या अलीकडच्या. असे करत करत त्या मोहऱ्यांच्या झाडून सगळ्या मांडण्या नोंदवून टाकायच्या. अमेरिकेतील केन थॉम्पसन यांनी १९८३ मध्ये दोन उंट विरुद्ध घोडा या अखेरीचे असे कोष्टक पुरे केले, आणि शंभरावर वर्षांचे शास्त्रवचन कोसळले. तो कोट फुटतो. काही थोड्या मांडण्या वगळल्या तर दोन उंटांची बाजू घोडा मिळवतेच; मात्र कधी कधी त्याला सहासष्ट खेळ्यांपर्यंत लागतात. पुढे २०१२ मध्ये मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठात सात मोहऱ्यांपर्यंतची कोष्टके तयार झाली. त्यांत एक स्थिती अशी सापडली की तिथून मात पाचशे एकोणपन्नासाव्या खेळीला होते. त्या खेळ्या ग्रँडमास्तरांना दाखवल्या तरी त्यांतल्या बहुसंख्य का केल्या हे त्यांनाही सांगता येत नाही. निकाल आहे, कारण नाही.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते, असे मानतात. बुद्धिबळाच्या बाबतीत ही सटवाई खरी आहे. जर्मन गणिती झेर्मेलो यांनी १९१३ मध्येच दाखवून दिले, की या खेळात प्रत्येक स्थितीचा निकाल मुळातच ठरलेला असतो: एक तर ह्याला जिंकणे भाग पाडता येते, नाही तर त्याला, नाही तर दोघांनाही बरोबरी राखता येते, चौथे काही नाही. पत्ते पिसायचे नाहीत, फासे टाकायचे नाहीत, नशिबाला बोल लावायला कुठे फट नाही. लेख लिहिलेलाच होता. तो वाचणारे तेवढे कोणी नव्हते. काकांनी हात पुढे केला त्या डिसेंबरात त्या पाच मोहऱ्यांच्या कपाळावर 'विजय' असे लिहिलेले होते, आणि सभागृहात बसलेल्या एकालाही ते दिसत नव्हते.

"किती खेळ्यांत?" काकांनी विचारले. आवाज अगदी कोरडा.

"सत्तेचाळीस. म्हणजे घोडा मरेपर्यंत."

काका एकदम सावरून बसले. "आणि अकरा आधीच झालेल्या! अठ्ठावन्न. पन्नास खेळ्यांचा नियम आहे. पन्नास खेळ्यांत कोणी काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर बरोबरी मागता येते. पन्नासाव्या खेळीला त्यानं बरोबरी मागितली असती. म्हणजे बरोबरीच!"

पोरगाही मागे हटणारा नव्हता. त्याने वहीत अकरा खेळ्या मागे जाऊन, शेवटचा मोहरा मारला गेला त्या क्षणाची मांडणी मोबाइलवर लावली. "इथून पंचेचाळीस. सुरुवातीपासून बरोबर खेळला असतात तर पाच खेळ्या उरल्या असत्या."

त्यानंतर जो वाद झाला त्यात खाली तीन गाड्या गेल्या तरी कोणी बोलणे थांबवले नाही. या नियमाचाही एक इतिहास आहे, आणि तो काकांना तोंडपाठ होता. कोष्टकांनी असे लांबलचक विजय दाखवायला सुरुवात केल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने काही अखेरींसाठी मर्यादा वाढवून दिली होती. १९९२ पासून पुन्हा सरसकट पन्नास. म्हणजे तेच पाच मोहरे, त्याच घरांत, एका वर्षी जिंकता येण्यासारखे आणि दुसऱ्या वर्षी नाही. आपल्या जुन्या देशी खेळात तर राजा एकटा पडला की त्याला बुर्जी म्हणत आणि डावाचा हिशेब वेगळा होई. वजिराने मात देण्यापेक्षा प्याद्याने दिलेली मात मोठ्या मानाची. 'जिंकणे' म्हणजे काय हे कोणत्या अंगणात खेळता यावरही अवलंबून असते.

मग मी मध्ये पडलो. काकांचा चेहरा मला पाहवत नव्हता, आणि शिवाय, कबूल करतो, माझ्याजवळ बोलण्यासारखा एक चांगला मुद्दा होता. शिक्षकाला आणि कादंबरीकाराला चांगला मुद्दा गिळता येत नाही. मी तर दोन्ही आहे.

मी म्हणालो, "काका, वाक्यात 'कोणाला' हे पद नाही. कोष्टकाला जिंकता आला असता, हे खरं. पण कोष्टक काही दादरला खेळायला बसलं नव्हतं." आणि मी त्यांना वॉल्टर ब्राउनची गोष्ट सांगितली. ब्राउन हा अमेरिकेचा अव्वल ग्रँडमास्टर. वजीर विरुद्ध हत्ती ही अखेर जिंकलेली आहे, हे सगळी पुस्तके सांगत. थॉम्पसनच्या यंत्राने हत्तीची बाजू घेतली, ब्राउनने वजिराची, आणि पन्नास खेळ्यांत जिंकून दाखवीन अशी पैज लागली. पहिल्या खेपेला ब्राउनला जिंकता आले नाही. माणसांनी कधी न केलेल्या खेळ्या करून यंत्र हत्ती वाचवत राहिले. ब्राउन घरी गेला, अभ्यास करून परत आला, आणि दुसऱ्या खेपेला बरोबर पन्नासाव्या खेळीला त्याने हत्ती मारला. "आता सांगा," मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तो डाव जिंकता येण्यासारखा होता का? पुस्तकाप्रमाणे होता. ब्राउनला नव्हता. आणि ब्राउन म्हणजे कोण, अन् तुम्ही आम्ही कोण?"

मी एवढ्यावर थांबलो नाही. म्हणालो, १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले, मुळात संस्कृतात असलेले. त्यात कोडीच कोडी आहेत. कोडे सोडवणाऱ्याला एक गोष्ट आधीच मिळालेली असते: इथे मात आहे, ही हमी. ती हमी म्हणजे निम्मे उत्तर. माझ्या वर्गातली मुले गणिताच्या पुस्तकातले उदाहरण तासभर चिकाटीने करतात, कारण शेवटच्या पानावर उत्तर छापलेले आहे हे त्यांना माहीत असते. हीच मुले घरी दुकानाच्या हिशेबाला बसली की दहा मिनिटांत कंटाळतात. दिव्याचा डाव बघताना या पोराच्या हातात खेळी नव्हती, हमी होती. म्हणून त्याला ती 'चुकली' असे म्हणता येत होते. काका, तुम्हाला १९७९ मध्ये ही हमी कोणी दिली होती? उलट सगळ्या शास्त्राने हमी दिली होती ती बरोबरीची. क्लिंग-हॉर्विट्झपासूनची सारी विद्या तुमच्या बाजूला होती. जे ज्ञान चार वर्षांनी जन्माला यायचे होते, त्यावरून तुम्हाला दोष देणे हा शुद्ध अन्याय आहे.

भाषण चांगले झाले होते. पोरगाही जरा वरमला. काका काही न बोलता उठले, कपाटातून एक जुने इंग्रजी पुस्तक काढले, बांधणी सुटलेले, फोर्टच्या फुटपाथवर घेतलेले. ज्या पुस्तकाच्या आधारावर ते चाळीस वर्षे 'कोणाच्या बापाला' म्हणत आले होते, तेच हे. त्यांनी ते माझ्यापुढे पहिल्या पानावर उघडून ठेवले. जुन्या माणसांच्या पद्धतीप्रमाणे त्यावर सही होती आणि सहीखाली विकत घेतल्याची तारीख.

"तारीख वाचा, मास्तर."

मार्च १९८० मधली तारीख होती. डाव डिसेंबरातला.

"मला काही ठाऊक नव्हतं तेव्हा," काका म्हणाले. "क्लिंग कोण अन् हॉर्विट्झ कोण. समोरच्याला माहीत असेल, मला नव्हतं. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. भूक लागली होती. घरी जायचं होतं. अकरा खेळ्या इकडेतिकडे केल्या, काही जमेना, कंटाळा आला. हात पुढे केला. घड्याळात वेळ होता. तीन महिने मनाला खात होतं. मग हे पुस्तक मिळालं, त्यात लिहिलेलं, बरोबरीचा डाव. मला केवढं बरं वाटलं ते कसं सांगू? त्या दिवसापासून मी म्हणायला लागलो, की मला माहीतच होतं."

मी माझ्या मुद्द्यासकट गप्प बसलो.

त्या रात्री घरी आल्यावर मी पुन्हा त्याच वाक्याशी बसलो, आणि मला जे दिसले ते असे. १९८३ चे कोष्टक काकांना दोषी ठरवू शकत नाही, हे मी बोललो ते खरेच होते. नंतर आलेल्या ज्ञानावरून आधीच्या माणसाचा न्याय करू नये. पण तराजूला दोन पारडी असतात. नंतर आलेले ज्ञान जर माणसाला दोषी ठरवू शकत नसेल, तर ते त्याला सोडूही शकत नाही. मार्चमध्ये मिळालेले पुस्तक डिसेंबरातल्या हाताला निर्दोष कसे ठरवील? हात पुढे झाला तेव्हा त्यामागे पुस्तक नव्हते, कंटाळा होता. डाव खरोखर बरोबरीचा असता, क्लिंग आणि हॉर्विट्झ बरोबर निघाले असते, थॉम्पसन जन्मालाच आला नसता, तरी त्या कंटाळ्याचे काही वेगळे झाले नसते. यंत्राने काकांचा विजय हिरावला नाही; तो त्यांच्याजवळ कधी नव्हताच. त्याने त्यांचे निमित्त तेवढे काढून घेतले.

एरवी आपण वाद घालत राहतो की डाव जिंकता येण्यासारखा होता की नव्हता, आणि हा वाद आपल्याला आवडतो, कारण त्याचे उत्तर आपल्या बाहेर, मोहऱ्यांत असते. निवडणूक हरलेला पुढारी, तोट्यात गेलेला दुकानदार, रोगी दगावलेला वैद्य, सगळे याच वादाला येऊन बसतात. आणि हा वाद निरर्थक आहे असेही मी म्हणणार नाही. ज्याने शेवटपर्यंत जीव ओतला, त्याला 'मुळातच शक्य नव्हते' हे नंतर कळले तर त्याचे ओझे उतरते, आणि ते उतरावे. कोनेरू हंपी त्या सोमवारी घड्याळ संपत आलेले असताना शेवटच्या खेळीपर्यंत झुंजत होत्या. त्यांच्या चुका कोणी यंत्रावर मोजल्या तर मोजू देत. पण जो अकराव्या खेळीला उठला, त्याने ते कोष्टक कोणत्या तोंडाने मागावे?

इथपर्यंत विचार काकांविषयी होता, म्हणून सोपा होता.

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. निबंध चांगला लिही. चांगला म्हणजे, खरा लिही. दहावीत दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला नाही. वडील आजारी पडले होते आणि तो शीळफाट्याकडे एका गाळ्यात कामाला लागला होता. मी त्याच्या घरी गेलो. आईने चहा केला. "बघतो, सर," असे तो म्हणाला, खाली बघत. मी उठलो. पुन्हा गेलो नाही. वर्षाअखेरीस शाळेतल्या गळतीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे मी 'आर्थिक परिस्थिती' असे लिहिले. ते खोटे नव्हते. पुढे एका प्रशिक्षणवर्गात मोठमोठ्या लोकांनी आकडे मांडून समजावले, की गळतीची कारणे सामाजिक व आर्थिक असतात, एकट्या शिक्षकाच्या हातात फारसे काही नसते. मी ते वहीत उतरवून घेतले, आणि मला केवढे बरे वाटले, ते कसे सांगू?

शाळा सुटलेल्या मुलाला बाहेरून दहावीला बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्या दिवशी, चहाचा कप हातात असताना, तो फॉर्म मला माहीत होता.

आता तुम्ही म्हणाल, फॉर्म दिला असता तरी तो बसला नसता कशावरून, बसला असता तरी पास झाला असता कशावरून? खरे आहे. त्या स्थितीचे कोष्टक कोणापाशी नाही आणि कधी होणारही नाही. बुद्धिबळाचे सगळे डाव मोजायचे म्हटले तरी एकावर एकशेवीस शून्ये लागतील, असा हिशेब क्लॉड शॅनन यांनी १९५० साली मांडला होता. आणि त्या खेळात मोहरे फक्त बत्तीस आहेत, त्यांपैकी एकाचेही वडील आजारी पडत नाहीत. तेव्हा तो मुलगा टिकवता आला असता की नसता, या प्रश्नाचे उत्तर मला मिळणार नाही. परंतु ते मिळणार नाही म्हणून मी इतकी वर्षे जे समाधान बाळगले, ते कोणत्या हिशेबात धरायचे? मी किती खेळ्यांनंतर उठलो, हे मोजायला कोष्टक लागत नाही. एक.

तो आता तरणाबांड झाला आहे. फलाटावर कधी दिसतो, गर्दीतून हात उंच करून "सर!" म्हणतो, आणि गाडीत चढतो. बरा दिसतो. मी त्याला काही विचारलेले नाही.

नवरात्रात एका रविवारी काकांकडे गेलो तर पट मांडून तयार होता: दोन उंट, एक घोडा, दोन राजे, शेवटचा मोहरा मारला गेला त्या क्षणाची मांडणी. पटाशेजारी एका वाटीत चिंचोके. मोजून पन्नास आहेत, असे नातवाने सांगितले. त्याचा मोबाइल त्याच्या आजीकडे स्वयंपाकघरात जमा करण्यात आला होता, आणि कोष्टक पाहिले आहे का असे मी विचारले तेव्हा काकांनी नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही घोडा घ्या, मास्तर. आणि दया करायची नाही."

मी दया केली नाही. घोडा कोपऱ्याजवळ नेऊन बसवला, राजा त्याला बिलगवला. दर खेळीला काका एक चिंचोका वाटीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत. दहा झाले, अकरा झाले. अकरावा ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. विसाच्या सुमारास त्यांचा काळ्या घरांतला उंट एका लांबच्या रेषेवर गेला, अगदी निरर्थक वाटणारी खेळी, आणि माझ्या लक्षात आले की मला आता घोडा हलवावाच लागणार. मी बराच वेळ बसलो. घोडा हलवला. कोट सुटला, पण घोडा जिवंत होता आणि पलीकडच्या कोपऱ्याकडे निघाला होता. काकांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. स्वयंपाकघरातून दोनदा चहाला हाक आली. कोणी उठले नाही. कट्ट्यावरच्या चिंचोक्यांची रांग खिडकीच्या गजापर्यंत पोहोचली, तिथून वळली. खाली सावंतवाडीकडची गाडी धडधडत गेली, तिच्याबरोबर पटही थोडा हादरला, आणि नातवाने दोन्ही हातांनी तो धरून ठेवला.

"एकतीस," काका म्हणाले, आणि चिंचोका ठेवला. "तुमची खेळी."